तीनशे दोन पेशींचा तक्ता

सूत्रकृमी म्हटलं की आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे डाळिंबाच्या मुळांवरच्या गाठी येतात. त्याच गोतावळ्यातला एक कृमी मात्र कुणाच्या पिकाच्या वाटेला जात नाही. कुजक्या फळापानांतल्या जिवाणूंवर तो जगतो. लांबी जेमतेम एक मिलिमीटर, अंग पारदर्शक, आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं आणि नाव सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. त्याच्या उभयलिंगी प्रौढात 302 चेतापेशी असतात. हा सरासरीचा आकडा नव्हे. प्रत्येक प्रौढात 302च, प्रत्येक पेशीची जागा ठरलेली आणि प्रत्येकीला स्वतःचं नाव.

माणसाच्या मेंदूतल्या चेतापेशी सुमारे 8600 कोटी मानल्या जातात. हे दोन आकडे शेजारी ठेवले तर कृमीवर इतका वेळ कशाला घालवायचा, असं कुणालाही वाटेल. पण मेंदूच्या जोडण्यांना गणिताच्या चौकटीत बसवण्याचे जे प्रयत्न गेल्या पाव शतकात झाले, त्यांची सगळ्यात कडक परीक्षा याच कृमीवर झाली आहे. मॉडेलने आधी काहीतरी सांगायचं, मग प्रयोगशाळेत ते खरं-खोटं करून बघायचं, हे पेशीच्या पातळीवर इथे जमलं. म्हणून या प्रकरणाचा मोठा भाग त्याच्या वाट्याला दिला आहे.

केंब्रिजच्या रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत सिडनी ब्रेनर यांनी 1960च्या दशकात हा कृमी निवडला, तेव्हा त्यांच्या मनात एक धाडसी बेत होता: एका प्राण्याची संपूर्ण मज्जासंस्था, पेशीन् पेशी आणि जोडणीन् जोडणी, कागदावर उतरवायची. प्रत्यक्ष काम जॉन व्हाइट, आयलीन साउथगेट आणि निकोल थॉमसन यांनी केलं. थॉमसन रेझिनमध्ये पक्क्या बसवलेल्या कृमीचे काप काढत. एक काप साधारण 50 नॅनोमीटर जाडीचा. म्हणजे मिलिमीटरभर लांबीत असे वीस हजार काप बसतील. प्रत्येक कापाचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली फोटो घ्यायचा, तो मोठा करून छापायचा आणि टेबलावर पसरायचा. त्या फोटोत चेतापेशींचे तंतू आडवे कापलेले दिसतात: लहानमोठी, वेडीवाकडी वर्तुळं, एकमेकांना चिकटून बसलेली. एका वर्तुळाला क्रमांक द्यायचा, पुढच्या फोटोत तेच वर्तुळ शोधायचं, त्याला तोच क्रमांक द्यायचा, मग त्याच्या पुढचा फोटो. मध्येच एखाद्या कापाला सुरकुती पडलेली असते, कुठे मळ बसलेला असतो, तर कुठे काप हरवलेलाच असतो. तिथे तंतूचा माग सुटला, तर मागेपुढे जाऊन तो परत पकडायचा. दोन तंतू लगत असतील, त्यांपैकी एकाच्या आत कडेला गडद डाग असेल आणि त्याभोवती बारीक पिशव्यांचा घोळका असेल, तर तिथे सिनॅप्स आहे, म्हणजे संदेश देण्याची जागा, अशी खूण करायची. सुरुवातीला हे काम कॉम्प्युटरकडून करून घ्यायचा प्रयत्न झाला, पण त्या काळच्या यंत्रांना ते झेपलं नाही. साउथगेट आणि व्हाइट यांनी ते हातानेच पुरं केलं.

रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या कामाचा निबंध 1986 मध्ये छापून आला: 340 पानं, सुमारे 5000 रासायनिक सिनॅप्स, थेट विद्युतप्रवाह जाऊ देणाऱ्या सुमारे 600 जोडण्या आणि चेतापेशी ते स्नायू अशा सुमारे 2000 जोडण्या. हा नकाशा एकाच कृमीचा नव्हे. काही कृमींच्या कापांचे भाग एकमेकांना जोडून तो पुरा केलेला आहे, हे पुढे आकडेमोड करताना विसरून चालत नाही.

या कामाच्या मुळाशी एक जुना वाद आहे. इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी 1873 मध्ये चांदीच्या क्षारांनी चेतापेशी रंगवायची पद्धत काढली. त्यांचं ठाम मत होतं की मज्जासंस्था म्हणजे सलग विणलेलं एकच जाळं. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी त्यांचीच पद्धत वापरून नेमका उलटा निष्कर्ष काढला: प्रत्येक पेशी वेगळी, फक्त शेजारणीला टेकलेली. दोघांना 1906 चं नोबेल विभागून मिळालं आणि गोल्जींनी आपल्या नोबेल व्याख्यानातही काहालांचा सिद्धांत खोडायचा प्रयत्न केला. शेवटी काहाल बरोबर ठरले. गणिताच्या दृष्टीने हा निकाल फार मोलाचा होता, कारण नेटवर्क मांडायचं तर आधी सुटे बिंदू हवेत.

बिंदू आणि रेषा यांचं गणित म्हणजे ग्राफ थिअरी. तिचा उगम लिओनार्ड ऑयलर यांच्यापाशी सांगतात. क्योनिग्सबर्ग शहरातले सात पूल, प्रत्येकावरून एकदाच जाऊन, पार करता येतील का, हा प्रश्न त्यांनी सोडवला तेव्हा नदीची रुंदी, पुलांची लांबी, रस्त्यांची वळणं, सगळं सोडून दिलं. उरलं ते एवढंच: कोण कोणाला जोडलेलं आहे. कृमीच्या बाबतीतही असंच करायचं. 302 ओळी आणि 302 स्तंभ असा तक्ता घ्यायचा. ओळीतल्या पेशीकडून स्तंभातल्या पेशीकडे जोडणी असेल तर त्या घरात 1, नसेल तर 0. पेशीचा आकार, सिनॅप्सची ताकद, कुठलं रसायन वापरलं जातं, हे सगळं यात गळून पडतं. सुरुवातीला हे फार निर्दय वाटतं, पण या तक्त्यातून काय निघतं ते बघा.

हा कृमी पुढे सरकत असताना भुवईच्या केसाने त्याच्या पुढच्या भागाला हलकेच स्पर्श केला तर तो थबकतो आणि मागे सरकतो. या चाचणीसाठी खरोखरच भुवईचा केस वापरतात, काडीच्या टोकाला चिकटवून. मार्टिन चॅल्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये या प्रतिक्रियेमागची साखळी उलगडून दाखवली. स्पर्श ओळखणाऱ्या एएलएम आणि एव्हीएम या पेशी एव्हीडी नावाच्या पेशींना जोडलेल्या आहेत, एव्हीडी पुढे एव्हीए या पेशींना, आणि एव्हीए मागे सरकवणाऱ्या चेतापेशींना. आता आपल्या तक्त्याला त्याच तक्त्याने गुणा. गुणाकारात एएलएमच्या ओळीत आणि एव्हीएच्या स्तंभात जी संख्या येते, ती एकापासून दुसरीपर्यंत बरोबर दोन टप्प्यांत जाणारे मार्ग किती ते सांगते. आणखी एकदा गुणलं की तीन टप्प्यांचे मार्ग मिळतात. एखाद्या घरातला शून्य पहिल्यांदा हलतो तो जितक्यावा घात, तितकं त्या दोन पेशींमधलं सर्वांत कमी अंतर. चॅल्फींना जे एकेक पेशी मारून शोधावं लागलं, त्याचे सगळे संभाव्य मार्ग या गुणाकारात एका दमात समोर येतात. खरा मार्ग कुठला, हे मात्र गुणाकार सांगत नाही.

यापुढची मोठी झेप 1998 मध्ये आली. कॉर्नेल विद्यापीठात डंकन वॉट्स हे स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांच्याकडे पीएचडी करत होते. विषय होता रातकिडे एका तालात कसे ओरडतात हा. कुठला किडा कोणाचं ऐकतो, या प्रश्नावरून ते नेटवर्कच्या रचनेकडे वळले. त्यांनी कल्पनेतलं एक कडं घेतलं. त्यावर बिंदू मांडले आणि प्रत्येक बिंदू फक्त जवळच्या शेजाऱ्यांना जोडला. अशा कड्यात शेजाऱ्यांचे शेजारी एकमेकांना ओळखतात, पण पलीकडच्या टोकाला पोचायला फार टप्पे लागतात. मग त्यांनी थोड्या रेषांचं एक टोक सोडवून कुठेही, चिठ्ठ्या टाकल्यासारखं, जोडलं. शेजार जवळजवळ होता तसाच राहिला, पण टप्प्यांची संख्या धाडकन खाली आली. थोड्याशाच लांब रेषांनी सगळं काम केलं.

हे कागदावरचं मॉडेल खऱ्या जगात सापडतं का, हे बघायला त्यांनी तीन नेटवर्क घेतली: चित्रपटांतले कलावंत, अमेरिकेच्या पश्चिम भागातलं वीजवाहिन्यांचं जाळं आणि आपला कृमी. पेशीन् पेशी नकाशा तयार असलेली मज्जासंस्था तेव्हा एकच होती, म्हणून कृमी. घशातल्या 20 पेशी सोडून उरलेल्या 282 पेशींवर त्यांनी दोन गोष्टी मोजल्या. एक, कुठल्याही दोन पेशींमध्ये सरासरी किती टप्पे. दोन, शेजाऱ्यांची आपसांतली गट्टी किती. एखाद्या पेशीला चार शेजारी असतील तर त्यांच्या सहा जोड्या होतात. त्यांपैकी तीन जोड्या खरोखर जोडलेल्या असतील तर त्या पेशीचा आकडा 0.5. कृमीत सरासरी अंतर 2.65 टप्पे आलं आणि गट्टीचा आकडा 0.28.

आता हे 0.28 जास्त की कमी? नुसत्या आकड्याकडे बघून सांगता येत नाही, आणि या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा धडा इथेच आहे. वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांनी तितक्याच बिंदूंची, तितक्याच रेषांची, पण रेषा वाटेल तशा जोडलेली नेटवर्क तुलनेला घेतली. तिथे अंतर 2.25 आलं आणि गट्टी 0.05. म्हणजे कृमीत कुठेही पोचायला लागणारे टप्पे यादृच्छिक नेटवर्कपेक्षा थोडेसेच जास्त, पण शेजार पाचपटीहून अधिक घट्ट. तुलनेचं नेटवर्क समोर ठेवलं नसतं तर 0.28 या आकड्याला काही अर्थ उरला नसता. मेंदूच्या नेटवर्कवरचा कुठलाही दावा वाचताना मी आधी हेच शोधतो: तुलना कशाशी केली आहे?

ही रचना अशीच का? काहालांनी शंभर वर्षांपूर्वीच म्हटलं होतं की चेतापेशींची ठेवण जागा, वेळ आणि द्रव्य वाचवणारी असते. तंतू वाढवायला आणि पोसायला ऊर्जा लागते. माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या 2 टक्के असला तरी विश्रांतीतल्या शरीराच्या ऊर्जेचा सुमारे 20 टक्के वाटा घेतो. दमित्री च्कलॉव्स्की आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये कृमीच्या पेशी कमीत कमी तंतू लागेल अशा मांडायच्या ठरवल्या, तर बऱ्याच पेशींच्या जागा प्रत्यक्षाच्या जवळपास निघाल्या. काही मात्र निघाल्या नाहीत. काटकसर पूर्णपणे पाळली तर लांबच्या जोडण्या जातात आणि टप्पे वाढतात. प्राणी तंतूंचा थोडा खर्च जास्त करतो आणि बदल्यात वेग मिळवतो, असं या हिशोबातून दिसतं.

तो खर्च कुठे एकवटतो, हे 2013 मधल्या एका अभ्यासात दिसलं. एमा टोल्सन, पेट्रा व्हर्टेस आणि सहकाऱ्यांनी कृमीत 11 पेशींचा एक गट ओळखला. त्या सर्वाधिक जोडण्यांच्या तर आहेतच, पण आपसांतही अपेक्षेपेक्षा अधिक जोडलेल्या आहेत. त्यांत एव्हीए आणि एव्हीडी आहेत, म्हणजे चॅल्फींच्या साखळीतल्याच पेशी. अशा केंद्रांचं महत्त्व त्यांच्या रेषांच्या संख्येपेक्षा त्यांच्यातून किती मार्ग जातात यावर ठरतं. मुंबईत दादरचं स्थान असंच आहे. तिथे पश्चिम आणि मध्य रेल्वे एकमेकींना भेटतात, म्हणून तिथे गाड्या अडल्या की दोन्ही मार्गांवरच्या, दादरला उतरायचंही नसलेल्या माणसांचा खोळंबा होतो.

इथपर्यंतचं सगळं वर्णन होतं. वर्णन कितीही देखणं असलं तरी ते चुकू शकत नाही, आणि जे चुकू शकत नाही त्यावर मी विज्ञान म्हणून फार विसंबत नाही. खरा कस 2017 मध्ये लागला. गांग यान, व्हर्टेस, टोल्सन, अल्बर्ट-लास्लो बाराबाशी, विल्यम शाफर आणि इतरांनी अभियांत्रिकीतला नियंत्रण सिद्धांत या नकाशाला लावला. प्रश्न असा: स्पर्श ओळखणाऱ्या पेशींतून संदेश आत शिरला, तर शरीरभित्तीच्या 95 स्नायूंपैकी किती स्वतंत्रपणे हलवता येतील? मग एकेका जातीची पेशी तक्त्यातून खोडून तोच हिशोब पुन्हा करायचा. जी पेशी खोडल्यावर नियंत्रण घटतं, ती चालण्यासाठी आवश्यक.

हिशोबातून पेशींच्या 12 जाती पुढे आल्या. बहुतेकींचा चालण्याशी संबंध आधीच्या प्रयोगांनी माहीत होता. एक मात्र अनोळखी होती: पीडीबी. तिचं काम काय, हे तोवर कुणी तपासलेलं नव्हतं. लेझरने कृमीतली ती एकच पेशी जाळली. कृमी चालत राहिला, पण मोठी वळणं घेताना पोटाकडे आणि पाठीकडे वळण्यातला नेहमीचा फरक ढळला. यापुढची परीक्षा आणखी बारीक होती. डीडी नावाच्या सहा पेशी दिसायला एकसारख्या, काम एकसारखं. मॉडेल म्हणालं की त्यांतली डीडी-4, डीडी-5 किंवा डीडी-6 एकटी काढली तर चाल बिघडेल, बाकीच्यांपैकी एक काढली तर नाही. डीडी-4 किंवा डीडी-5 एकटी जाळली, तेव्हा शरीराच्या मागच्या भागाची हालचाल बदलली. डीडी-2 किंवा डीडी-3 जाळली, तेव्हा बदलली नाही. 0 आणि 1 यांच्या तक्त्याने, सिनॅप्सची ताकदही न विचारता, एकाच जातीच्या पेशींमधला भेद आधीच सांगितला होता. या विषयात मला सर्वांत जास्त भारावून टाकणारा प्रयोग कुठला असं कुणी विचारलं, तर मी याचंच नाव घेईन.

आणि तरीही तो नकाशा पुरा नाही. प्रिन्स्टनमध्ये अँड्र्यू लायफर यांच्या गटाने 2023 मध्ये कृमीतली एकेक पेशी प्रकाशाने उत्तेजित केली आणि बाकीच्यांत काय होतं ते पाहिलं. एकूण 23,433 जोड्या मोजल्या. संदेश कुठून कुठे जातो याचं हे चित्र जोडण्यांच्या नकाशावरून काढलेल्या अंदाजाशी जुळलं नाही. काही पेशी सिनॅप्स नसतानाही एकमेकींना संदेश देत होत्या. न्यूरोपेप्टाइड नावाचे रेणू पेशीतून बाहेर पडून आसपास पसरतात, आणि त्यांना ओळखणारी पेशी दूर असली तरी प्रतिसाद देते. त्याच वर्षी या पेप्टाइडांच्या संदेशांचाही स्वतंत्र नकाशा प्रसिद्ध झाला. तो तंतूंच्या नकाशापेक्षा कितीतरी दाट आहे आणि त्याची ठेवणही वेगळी आहे. म्हणजे एका तक्त्याने भागत नाही. एकावर एक ठेवलेले अनेक तक्ते लागतात.

दरम्यान इतर प्राण्यांचे नकाशे वाढत चालले आहेत. फळमाशीच्या प्रौढ मादीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा 2024 मध्ये प्रसिद्ध झाला: 1,39,255 चेतापेशी आणि पाच कोटींहून अधिक सिनॅप्स. माकडाच्या मेंदूचं काम वेगळ्या मार्गाने झालं. तिथे एका भागात रंजक टोचून तो कुठे पोचतो हे पाहणारे शेकडो जुने अभ्यास हाताशी होते. मुंबई आयआयटीत शिकलेले धर्मेंद्र मोधा आणि त्यांचे सहकारी राघवेंद्र सिंग यांनी 2010 मध्ये ते एकत्र करून 383 भाग आणि 6602 लांब पल्ल्याच्या जोडण्यांचं नेटवर्क बांधलं. रंजकाने जोडणीची दिशाही कळते.

जिवंत माणसात रंजक टोचता येत नाही. तिथे एमआरआयवर भागवावं लागतं, आणि इथूनच अडचणी सुरू होतात. डिफ्यूजन एमआरआय पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजतो. तंतूंच्या गुच्छात पाणी लांबीच्या दिशेने सहज सरकतं, आडवं कमी. त्यावरून गुच्छ कुठून कुठे जातो याचा अंदाज बांधतात. दिशा कळत नाही, आणि दोन गुच्छ एकमेकांना छेदतात तिथे गफलत होते. वीस गटांच्या पद्धती 2017 मध्ये एकाच माहितीवर तपासल्या गेल्या. खरे गुच्छ बहुतेकांना सापडले, पण त्यांच्याबरोबर मुळात नसलेले गुच्छ त्याहून अधिक निघाले.

दुसरा मार्ग फंक्शनल एमआरआयचा. तो रक्तातल्या ऑक्सिजनच्या चढउतारावरून मेंदूच्या भागांची सक्रियता टिपतो. अमेरिकेत मिलवॉकीला संशोधन करत असताना भरत बिस्वाल यांनी 1995 मध्ये दाखवलं की माणूस काहीही न करता स्वस्थ पडला असतानाही, डावा आणि उजवा हात हलवणाऱ्या भागांतले सावकाश चढउतार एकमेकांच्या साथीने होतात. या साथीला जोडणी मानून नेटवर्क काढायचा प्रघात त्यानंतर पडला. पण साथ आणि तार एक नव्हे. शिवाय इथे गणिताचा एक सापळा आहे. अ आणि ब यांचे चढउतार जुळतात, ब आणि क यांचेही जुळतात, तर अ आणि क यांचेही बऱ्यापैकी जुळण्याचा संभव असतो. म्हणजे साथीवरून काढलेल्या कुठल्याही नेटवर्कमध्ये गट्टीचा आकडा आपोआप फुगतो, मेंदूचा त्यात काही हात नसतानाही. तुलनेला घ्यायचं यादृच्छिक नेटवर्कही मग त्याच पद्धतीने बनवलेलं हवं. त्यात रुग्णाने डोकं जरासं हलवलं की जवळच्या भागांची साथ खोटीच वाढते. लहान मुलं आणि आजारी माणसं जास्त हलतात. त्यामुळे रोगाचा परिणाम म्हणून छापलेला फरक हालचालीचा असू शकतो.

बिंदू कोणता घ्यायचा, हाही प्रश्न माणसात अनिर्णित आहे. कृमीत बिंदू म्हणजे पेशी; काहालांनी तो प्रश्न मिटवला होता. माणसात बिंदू म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावर संशोधकाने आखलेला तुकडा, आणि त्यात कोट्यवधी पेशी मावतात. कुणी असे शंभरेक तुकडे करतो, कुणी हजारेक. ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टच्या माहितीवरून 2016 मध्ये दर गोलार्धात 180 भाग आखले गेले. तुकडे बदलले की अंतर आणि गट्टी यांचे आकडेही बदलतात. दोन निबंधांतले आकडे थेट शेजारी ठेवणं म्हणूनच धोक्याचं.

तरीही माणसाच्या मेंदूतही मॉडेलला चुकायची संधी देणारं काम सुरू झालं आहे. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात झटका सुरू करणारा भाग शस्त्रक्रियेने काढतात, पण तो भाग नेमका कुठे संपतो हे ठरवणं अवघड असतं आणि अनेकांचे झटके शस्त्रक्रियेनंतरही चालू राहतात. मार्सेयमध्ये व्हिक्टर यिर्सा यांच्या गटाने प्रत्येक रुग्णाच्या एमआरआयवरून त्याचंच नेटवर्क बांधायची पद्धत काढली. प्रत्येक बिंदूवर झटक्याची समीकरणं बसवायची, मेंदूत घातलेल्या इलेक्ट्रोडांच्या नोंदींशी ती जुळवायची आणि कुठला भाग काढला तर झटका पसरायचा थांबतो हे कॉम्प्युटरवर आधी करून बघायचं. फ्रान्समधल्या रुग्णालयांत याची चाचणी हाती घेतली गेली. त्यात रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे. एका गटाच्या शल्यविशारदांना मॉडेलचा निष्कर्ष दाखवायचा, दुसऱ्या गटाच्या नाही. शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात कुठल्या गटात जास्त जणांचे झटके थांबले, हे मोजायचं, असं ठरलं.